आधी पातळी, मग चहा

वृंदाताई पालकरांचं कुणी कौतुक करायला लागलं की मी पाणी आणायला उठते. परवा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला तेच झालं. कुणीतरी म्हणालं, "वृंदाताई असत्या तर टेबलं अशी वाकडीतिकडी लागली नसती," आणि चारचौघींनी एकदम सुस्कारे सोडले. मी उठले, पाणी प्यायले, चकलीचा डबा उगाच इकडचा तिकडे केला, परत येऊन बसले, तरी विषय संपला नव्हता. वर मलाच म्हणाल्या, "तुझं काय बाई, तुझं तर त्यांच्याशी घरचंच नातं!" मी हसले. दुसरं काय करणार?

वृंदाताई उंच, हाडापेरानं मोठ्या, केस पुरुषासारखे कापलेले. बारा महिने अंगात एकच निळं जाकीट, त्याच्या कोपरांना त्यांनीच लावलेली ठिगळं. आमच्यापैकी बरेचजण शाळेत होते तेव्हा त्या डॉक्टरेट करायला श्टुटगार्टला आल्या आणि तिथल्याच एका संस्थेत राहिल्या. काम म्हणजे धातूच्या पट्ट्या यंत्रात अडकवून तुटेपर्यंत ताणायच्या. "आणि तुटली की?" असं माझ्या आईनं त्यांना एकदा विचारलं होतं. "तुटली की लिहून ठेवायचं आणि दुसरी लावायची," असं म्हणून त्या स्वतःच मोठ्यानं हसल्या होत्या. आवाज परळचा, गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याला हाक मारायचा असतो तसा. मधूनमधून जर्मन "गेनाऊ!" फेकायची सवय होती. बरोबर बोललात, असं त्या कुणाला कधीच म्हणायच्या नाहीत, फक्त "गेनाऊ!" आणि तेवढ्यानं समोरच्याला शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं. मला वाटायचं, म्हणून मला माहीत.

लग्न केलेलं नव्हतं. होता तो एक जुना वोनवागन, म्हणजे गाडीला जोडून मागून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. शुक्रवार उजाडला की वृंदाताई तो घेऊन निघायच्या, कधी श्वेबिश आल्पच्या टेकड्यांवर, कधी बोडनझे सरोवराकाठी. त्यांच्या राहत्या घरात सोफ्यावर बसायला जागा सापडायची नाही, पण वोनवागनमधला चमचान्‌चमचा जागच्या जागी असायचा.

माझी आई सांगलीची. बाबा गेल्यानंतर ती दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे श्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनला यायची. मी आणि नितीन दिवसभर ऑफिसात. लेक सानिका आजीचं सगळं समजून घ्यायची, पण उत्तर द्यायची जर्मनमध्ये. आई खिडकीशी बसून समोरच्या बसस्टॉपवर कोण चढलं, कोण उतरलं ते बघायची. मी सुट्टी काढून तिला राजवाडे दाखवले, बागा दाखवल्या, बोटीत बसवलं. ती प्रत्येक ठिकाणी "छान आहे हो" म्हणायची आणि रात्री सांगलीला मावशीला फोन लावून सांगायची, "करमत नाही गं इथे." माझ्या घराच्या भिंती पातळ आहेत. तिनं एकदा, फक्त एकदा, "मेघनाकडे मला करमतं" असं कुणाला तरी सांगावं, एवढीच माझी इच्छा होती. ही इच्छा मी नितीनजवळसुद्धा बोलले नव्हते.

अशा एका रविवारी वृंदाताई आमच्याकडे जेवायला आल्या. चपला काढता काढता त्यांनी दारातूनच जाहीर केलं, "मेघना, तुझ्या घराची जमीन किचनकडे उतरते."

"काहीतरीच!" मी म्हणाले. नव्या इमारतीतलं घर, कर्ज फिटायचं होतं.

त्यांनी आईच्या पानाच्या डब्यातली एक सुपारी उचलली आणि बैठकीच्या मधोमध जमिनीवर ठेवली. सुपारीनं क्षणभर विचार केला आणि मग ती गडगडत, टेबलाला वळसा घालून, थेट ओट्याखाली गेली. आई हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यासाठी मी तीन उन्हाळे खर्च केले होते आणि या बाईला एक सुपारी पुरली.

जेवण झाल्यावर वृंदाताई म्हणाल्या, "सुमनताई, शनिवारी मी आल्पवर जातेय. येता का?" आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. "येते की," म्हणाली. मीही गेले. आईला कुणा परक्या बाईबरोबर असं कसं सोडणार?

कॅम्पिंगची जागा म्हणजे टेकडीच्या उतारावरचं गवत. पोचल्या पोचल्या आईला चहा हवा होता. मी म्हणाले, "वृंदाताई, गॅस कुठे लावायचा ते दाखवा, मी टाकते."

"आधी पातळी, मग चहा," त्या म्हणाल्या आणि जाकिटाच्या बाह्या वर केल्या. मग त्यांनी आईला समोर उभं करून वोनवागनमधल्या फ्रिजचं शास्त्र सांगितलं. या फ्रिजला आपल्या घरच्यासारखी मोटर नसते. मागे गॅसची बारीक ज्योत पेटते. त्या उष्णतेनं नळ्यांमधला अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो आणि सगळा फेरा पुरा करून आपल्या वजनानं परत खाली येतो. तो असा फिरत राहिला तरच फ्रिज गार होतो. घर कललेलं असलं की द्रव नळीत मधेच साचून बसतो. ज्योत पेटलेली दिसते, दिवा लागलेला दिसतो आणि आत दूध नासत असतं.

"म्हणजे गार करायला जाळ लावायचा?" आईनं विचारलं.

"गेनाऊ!"

आईचा चेहरा उजळला. मी सॉफ्टवेअरमध्ये काय करते, हे आईला समजावून सांगायला मला आजवर कधी जमलेलं नाही.

वृंदाताईंनी दार उघडून आतल्या जमिनीवर गवंड्याची असते तशी पाणसळ आडवी ठेवली, काचेतला बुडबुडा आईला दाखवला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही सांगायचं, मी ऐकायचं. बुडबुडा मधे आला की ओरडायचं. हळू नाही हां, मी गाडीत असणार." वोनवागनच्या डाव्या चाकापुढे त्यांनी पायऱ्यापायऱ्यांचा पिवळा ठोकळा सरकवला, गाडीत बसल्या आणि चाक इंच इंच करत त्यावर चढवायला लागल्या.

"अजून!" आई म्हणाली. "अजून... अजून थोडं... थांब! अगं थांब, जास्त झालं! मागे घे!"

आजूबाजूचे जर्मन खुर्च्यांमधून मान वळवून बघायला लागले. एक गृहस्थ मदतीला उठले, तर वृंदाताईंनी खिडकीतून हात करून त्यांना बसवलं. "डांके, आमच्याकडे आहे माणूस." तो माणूस म्हणजे माझी आई. बाबांनी उभ्या संसारात तिच्या हातात कधी टॉर्चसुद्धा दिला नव्हता. फ्यूज गेला की "तू बाजूला हो" आणि गाडी मागे घेताना "तू गप्प बस, मला दिसतंय." ती बाई टेकडीवर उभी राहून एका डॉक्टरीणबाईला ओरडत होती आणि डॉक्टरीणबाई निमूटपणे गाडी मागेपुढे करत होती.

आडवी पातळी झाली. मग चाकांना अडसर, गाडीची जोडणी सोडली आणि पुढचं छोटं चाक हँडलनं खालीवर करून उभी पातळी. यावेळी आई आत, पाणसळ फ्रिजच्या आतल्या फळीवर. "आडवं आधी, उभं नंतर," वृंदाताई मला म्हणाल्या, कारण मी रिकामी उभी होते. मग कोपऱ्यांतले चार पाय खाली सोडले. "हे नुसते टेकवायचे. ह्यांनी घर उचलायला गेलीस तर घर पिळवटतं." शेवटी त्यांची परीक्षा असायची. गॅसवर तवा ठेवून त्यावर पातळ पिठाचं घावन ओतायचं. घावन कुठल्याही बाजूला न पळता चंद्रासारखं गोल झालं की पास. ते पहिलं घावन त्यांनी आईच्या हातात दिलं आणि मग चहा टाकला. दुसरं मला मिळालं. मी मोजत नव्हते, पण दुसरं मला मिळालं.

त्या उन्हाळ्यात आणि त्यापुढच्या दोन्ही उन्हाळ्यांत आईचे शनिवार-रविवार वृंदाताईंचे झाले. ती सांगलीहून येताना त्यांच्यासाठी हळद, भडंग, तांदळाची पिठी आणायची. माझ्यासाठीही आणायची, नाही असं नाही. पण त्यांची पिशवी वरती असायची. शुक्रवारी दुपारपासून स्वेटर घालून दारात बसायची. मी एकदा म्हणाले, "आई, ह्या शनिवारी आपण घरीच राहू या का? मी पुरणपोळ्या करते." ती म्हणाली, "अगं, वृंदा एकटी कशी लावेल गाडी?" वीस-बावीस वर्षं एकटी लावतच होती की!

मी वृंदाताईंमध्ये खोट शोधायला लागले. सापडायचीही. त्या दुसऱ्याचं बोलणं तोडायच्या. कुणाच्याही घरी गेल्या की भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायच्या, विचारायच्या नाहीत. घावन सोडून त्यांना एक पदार्थ धड यायचा नाही, आमटीत त्या जिरं टाकायचं विसरायच्या आणि आई, जिनं माझ्या आमटीला आयुष्यभर नावं ठेवली, ती मिटक्या मारत खायची. "प्रवासात असंच बरं लागतं," म्हणायची. मी आमटी प्रवासात करून पाहावी की काय, असं मला वाटायला लागलं.

एकदा भांडी विसळताना आई सहज म्हणाली, "वृंदानं ती गाडी तिच्या आईसाठी घेतली होती, ठाऊक आहे का तुला?" मला ठाऊक नव्हतं. वृंदाताईंच्या आईला बाहेरचं चालायचं नाही, हॉटेलात राहायचं नाही, म्हणून स्वयंपाकघरासकट घर घेतलं. व्हिसा आला, तिकीट निघालं आणि निघायच्या आठवड्यात परळच्या घरीच त्यांनी डोळे मिटले. "पहिल्या वर्षी ती रिकामीच घेऊन हिंडली म्हणे," आई म्हणाली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, की मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, मला कधी सांगितलं नाही, आईला सांगितलं. आणि तिसरा असा, की म्हणून काय माझी घ्यायची?

वृंदाताईंच्या त्या तिसऱ्या उन्हाळ्यात माझा चाळिसावा वाढदिवस आला. मी कुणाला न विचारता एक वोनवागन भाड्यानं घेतला आणि बोडनझेच्या काठी जागा राखून ठेवली. आम्ही चौघंच जाणार होतो. आईनं घरीच दही टांगून चक्का केला, माझ्या वाढदिवसाचं श्रीखंड दरवर्षी तीच करायची, निदान फोनवरून सांगून माझ्याकडून करवून घ्यायची. शीतपेटीत बर्फ घालून चक्का नेला. वाटेत आई म्हणाली, "वृंदाला सांगितलं असतंस तर..." मी रेडिओ मोठा केला.

पोचल्यावर मी आईला खुर्चीत बसवलं. तिला काही करू द्यायचं नाही, तिनं फक्त बघायचं, असं मी ठरवलं होतं. पाणसळ आणलीच नव्हती. नितीन म्हणाला, "फोनमध्ये अ‍ॅप आहे." मी म्हणाले, "नको." मला घावन करायचं होतं. घरचा तवा मी मुद्दाम घेऊन आले होते.

पहिलं घावन डावीकडे पळालं. नितीननं चाक ठोकळ्यावर चढवलं. दुसरं थोडं कमी पळालं. पुन्हा चाक वर. मग मागे पळायला लागलं, म्हणून पुढचं चाक फिरवलं. सानिकानं ती तुटकी घावनं खाऊन खाऊन पोट धरलं. आई खुर्चीतून दोनदा उठली आणि दोन्ही वेळा मी तिला "तू बस गं" म्हणून परत बसवलं. अखेर एक घावन असं गोल आलं, की परकारानं काढावं. मी ते ताटलीत घालून आईसमोर धरलं. ती म्हणाली, "छान झालंय हो."

संध्याकाळी चक्क्यात साखर घालून श्रीखंड मीच घोटलं आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. रात्रभर नितीन उशीवरून घसरत होता. कपाटाचं दार आपलं आपण उघडत होतं. मी म्हणाले, नवी जागा आहे, होतं असं. सकाळी मी फ्रिज उघडला आणि आंबूस वास आला. श्रीखंडावर बुडबुडे आले होते. दूध फाटलं होतं. फ्रिजवरचा दिवा मात्र हिरवागार. आईनं पातेल्यात डोकावून पाहिलं. बाहेर जाऊन झाडाखाली उभी राहिली आणि फोन लावला. "अगं वृंदा..." एवढंच मला ऐकू आलं. पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

वृंदाताई दुपारच्या आत हजर! जाकिटाच्या खिशात पाणसळ आणि गाडीत बर्फाच्या पेटीत दोन डबे ग्रीक दही. त्यांनी आल्या आल्या फ्रिज उघडून आतल्या फळीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला, मला तो लांबूनही दिसला. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मेघना, तुझा तवा बघू."

तवा उलटा करून त्यांनी त्यावर पाणसळ धरली. तव्याला एका अंगाला पोट आलं होतं. मी अख्खं घर, चाकांसकट, माणसांसकट, त्या पोक आलेल्या तव्याला समांतर करून ठेवलं होतं.

नितीन हसला. सानिका हसली. आईसुद्धा पदराआड हसली. वृंदाताई हसल्या नाहीत. "माझाही पहिल्या वर्षी असाच निघाला होता," त्या म्हणाल्या. "मी तर सगळं मटण फेकलं होतं." हे खोटं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्या माणसाचा राग तरी कसा करावा! पण मी केला.

"सुमनताई, या," त्या म्हणाल्या. आई खुर्चीतून ताडकन उठली, पाणसळीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं पदर खोचला. "हां वृंदा, घे पुढे! अजून!" काठावरची बदकं उडाली, इतका आवाज. संध्याकाळी फ्रिज गार झाला, ग्रीक दह्याचं श्रीखंडही झालं. आईनं पहिली वाटी मला दिली, वाढदिवस होता म्हणून. मी ते खाल्लं आणि चांगलं झालं होतं.

आई सांगलीला परतायच्या आधीच्या आठवड्यात ती जेवता जेवता म्हणाली, "पुढच्या वर्षी मी काही येणार नाही गं."

"का? तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालंय? वृंदा रिटायर होतेय. तिला परळला आता कुणी नाही. सांगलीला आपल्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या जोशांचा फ्लॅट रिकामा आहे, तो तिनं घेतलाय. माझ्याबरोबरच येतेय ती, एकाच विमानानं."

मी घास खाली ठेवला. "सगळं ठरलं? मला कुणी विचारायचं?"

"तुला काय विचारायचं त्यात?" आईला खरंच कळलं नव्हतं. "तुझी काळजी मिटली, असं नाही का वाटत? एकटी राहते, एकटी राहते म्हणून माझ्या मागे लागली होतीस ना?"

"माझ्याकडे राहा म्हणून मागे लागले होते, आई."

तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. "तुझ्याकडे मी पाहुणी असते मेघू," ती म्हणाली. "तू मला काही करूच देत नाहीस."

मी पाणी आणायला उठले.

वृंदाताई वोनवागनची किल्ली द्यायला आल्या. कागदपत्रं माझ्या नावावर करून आणली होती. मी म्हणाले, "मला नको. ठेवायला जागा नाही." त्या म्हणाल्या, "जागा मी बोलून ठेवलीय." नितीननं पुढे होऊन किल्ली घेतली. जाताना त्यांनी आमच्या बैठकीतला बाबांचा फोटो सरळ केला, माझ्याकडे वळून बघितलं आणि बहुतेक काहीतरी बोलणार होत्या. पण मी आधीच दार उघडून धरलं होतं.

विमानतळावर दोघींची एकच ट्रॉली. आईचा पासपोर्ट वृंदाताईंच्या हातात, वृंदाताईंचं जाकीट आईच्या हातात. आईनं मला जवळ घेतलं, सानिकाचा मुका घेतला, नितीनला "सांभाळा हो" म्हणाली आणि दोघी तपासणीच्या रांगेत शिरल्या. आधीच्या प्रत्येक वर्षी आई इथे रडायची. दर चार पावलांवर मागे वळून बघायची, इतकी की मागची माणसं खोळंबायची, आणि मला संकोच व्हायचा. मी काचेला नाक लावून उभी राहिले. आई ट्रेमध्ये चपला ठेवत होती. वृंदाताई तिच्या कोपराला धरून काहीतरी सांगत होत्या आणि आई खांदे हलवत हसत होती. ट्रे सरकला, दोघी पुढे गेल्या. आईची पाठ, अंबाडा, मोरपंखी साडी. वळेल, म्हटलं. आता वळेल. कोपऱ्यापाशी मागे बघितलं ते वृंदाताईंनी. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला, मी उभी होते तिकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे ती वळली.